हलीमा खालाची शाळा आणि युटाची नवरी

मार्लीन,

तू गेलीस, आणि मी इथे शारजात, अल मजाजच्या फ्लॅटमध्ये, सोफ्यावर बसून एकटीच हसतेय. सुनेला वाटलं, म्हातारीला धक्का बसला. ती पाणी घेऊन धावत आली. नातीने मोबाईलवरून मान वर न करता विचारलं, "दादी, हू वॉज शी?" आता या पोरीला काय सांगू आणि कुठून सांगू!

रडून झालं गं. तुझ्या लेकीचा फोन आला तेव्हा ती तिकडे रडली, मी इकडे रडले. पण फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "मॉम म्हणाली होती, मी गेल्यावर झुबीला सांग, आता सगळं सांगितलंस तरी चालेल. माझ्या नावासकट." आणि मार्लीन, माझ्या अंगात तीच दुबईतल्या देऱ्याच्या गल्लीतली पोर शिरली! इतकी वर्षं मी तोंडाला कुलूप लावून बसले. माझ्यासारखी बडबडी बाई! माझ्या सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही, लेकाला नाही, सुनेला नाही. आज परवानगी मिळाली, तर शब्द एकमेकांवर आदळतायत.

तू आलीस तेव्हा दुबईत तेल लागायचं होतं. आमचे हे, म्हणजे इस्माईल, परदेशी कंपनीच्या गोदामात हिशेबनीस होते. मी रत्नागिरीहून लग्न करून आले त्याला जेमतेम तीन वर्षं झाली होती. घरात आम्ही दोघं आणि यांची मावशी, हलीमा खाला. समोरच्या घरात, गल्लीत एकट्या ज्या घरात जनरेटर आणि फ्रीज होता तिथे, कंपनीचा नवा सर्व्हेअर डेल राहायला आला, आणि त्याच्यामागून उतरलीस तू. लांब बाह्यांचा झगा, उन्हाने लाल झालेलं नाक, हातात टोपीचा डबा. खालाने खिडकीतून बघितलं आणि निकाल दिला, "ही नवरी हाय. हिची हळद अजून उतरली नाय."

मी पहिल्याच दिवशी तुला चहाला बोलावलं. माझा सगळ्यात चांगला कप काढला, वेलची घातली. तू कपाकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "मी चहा पीत नाही." मला वाटलं, गोरी बाई, आमच्या घरचं पाणी चालत नसेल. माझा चेहरा पडला तो तुला दिसला. तू घाईघाईने सांगायला लागलीस की तुम्ही मॉर्मन, अमेरिकेतल्या युटाकडचे ख्रिस्ती, तुमच्यात दारू चालत नाही, सिगारेट चालत नाही, कॉफी नाही आणि चहाही नाही. मी भाषांतर केलं. खाला म्हणाली, "दारूचं समजलं. पण चायने कुणाचं काय वाकडं केलं?" मग तिने तुला केशर घालून दूध दिलं आणि तू ते एका दमात प्यायलीस.

दुसऱ्या दिवशी तू परतफेड घेऊन आलीस. हिरवीगार, थलथलणारी जेली, आणि तिच्यात किसलेलं गाजर! खालाने बशी हलवून बघितली. जेली हलली. खाला मागे सरकली. "विचार, हे जिवंत हाय काय?" मग विचारलं, कशापासून करतात. तू प्रामाणिकपणे म्हणालीस, हाडांपासून. कुणाच्या हाडांपासून, ते तुला माहीत नव्हतं. खालाने हसत हसत तुझ्या गालावरून हात फिरवला आणि तू गेल्यावर ती बशी मांजरासमोर ठेवली. मांजराने वास घेतला आणि ते तडक गल्लीबाहेर निघून गेलं. हे मी तुला कधीच सांगितलं नाही. आज सांगते, कारण आज तू रागावू शकत नाहीस.

इस्माईल डेलवर खूश होते. कंपनीच्या पार्टीत सगळे गोरे पीत असताना हा एकटा संत्र्याचा रस घेऊन उभा राहायचा, बायकांकडे नजर वर करून बघायचा नाही. हे घरी येऊन म्हणाले, "हा माणूस मुसलमानच आहे, फक्त त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही." पुढे तू मला सांगितलंस, डेलही त्याच संध्याकाळी घरी येऊन आमच्याबद्दल अगदी हेच म्हणाला होता, की ही माणसं आपलीच आहेत, त्यांना अजून ठाऊक नाही!

तुमचं चर्च इथे नव्हतं. रविवारी तुम्ही दोघंच बैठकीत बसायचात, ब्रेडचा तुकडा आणि पाण्याचा पेला घेऊन प्रार्थना करायचात. तुझं लग्न युटातल्या मंदिरात लागलं होतं आणि तसं लग्न लागलं की अंगालगत पांढरे कपडे घालायचे, ते तू त्या ऑगस्टच्या दमट उकाड्यातही झग्याखाली घालायचीस. तू मला विचारलंस, बुरख्यात उकडत नाही का? मी विचारलं, तुला तुझ्या त्या कपड्यात? दोघी घामाने निथळत होतो. तू म्हणालीस, "हे माझं आणि देवाचं वचन आहे." मी म्हटलं, "माझंही जवळजवळ तसंच." त्यानंतर आपण एकमेकींना उकाड्याबद्दल कधी विचारलं नाही.

आणि बोलायचो किती! दुपारी गच्चीच्या सावलीत बसून. तू सांगितलंस की तुझ्या पणजोबांना अनेक बायका होत्या, मग तुमच्यात ते बंद झालं, तरी युटाबाहेर गेलं की लोक त्यावरून टोमणे मारतात. खाला म्हणाली, "लाजते कशाला? आमच्यात अजून चालतंय, आणि ज्या बाईच्या घरात ते चालतं तिला विचार, लाज कुणी वाटून घ्यायची ती." तू सांगितलंस की तुमच्यात लग्न मरणाने सुटत नाही, देवाघरीही नवरा-बायको नवरा-बायकोच राहतात. आणि देवालाही शरीर आहे. हे ऐकून मी कानाला हात लावले. तौबा! मी म्हटलं, मार्लीन, आमच्यासमोर बोललीस ते बोललीस, गल्लीत बोलू नकोस.

एवढं सगळं बोलणारी तू, हळूहळू गप्प व्हायला लागलीस. आधी वाटलं, घरची आठवण येत असेल. मग वाटलं, दिवस गेले असतील. खाला मान हलवून म्हणाली, "नाय. पोटुशी बाई अशी आपलं अंग चोरून बसत नाय." डेलही वाळला होता. तो तुला गाडीतून उतरताना हात द्यायचा आणि लगेच विस्तवाला लागल्यासारखा काढून घ्यायचा.

आणि मग त्या दुपारी तू तुझा काचेचा जग घेऊन आलीस. म्हणालीस, हा तुला ठेव, मी पुढच्या आठवड्यात परत चाललेय. आईकडे. इथलं ऊन सोसत नाही. डेलने विमानाची सोय केली आहे.

"कधी येणार परत?"

तू जग माझ्या हातात दिलास आणि दाराकडे वळलीस.

खाला तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं. "दार लाव," मला म्हणाली. "आणि मी विचारते ते हिला विचार. नवरा मारतो?"

मी विचारलं. तू दचकलीस. "नो! कधीच नाही."

"पितो?"

"झुबी, तो चहासुद्धा पीत नाही!"

"दुसरी कोणी हाय?"

तू जोरजोरात मान हलवलीस.

"मग?"

आणि तू रडायला लागलीस, मार्लीन. असं रडणं मी तोवर फक्त मयताच्या घरी ऐकलं होतं. मधे मधे तुटक वाक्यं. की तू वाईट बायको आहेस. की तुझ्यात काहीतरी मोडलेलं आहे. की लग्न होऊन इतके महिने झाले आणि लग्न अजून झालंच नाही. प्रत्येक वेळी तुझं अंग दगडासारखं होतं, दुखतं, तू रडतेस, मग डेल पलंगाच्या कडेला बसून देवाची माफी मागतो. त्याला वाटतं, त्याची इच्छाच घाणेरडी आहे. तुला वाटतं, तू त्याच्या योग्यतेची नाहीस. शेवटी बिचाऱ्याने ठरवलं की तुझा छळ थांबवायचा, तुला आईकडे पाठवायचं.

मी खालाला सांगितलं. कसं सांगितलं ते विचारू नकोस, माझे कान तापले होते.

खाला म्हणाली, "हिच्या हळदीला बायकांनी हिला काय सांगितलं नाय?"

आमच्या कोकणातली हळद तू बघितली नाहीस. पुरुषांना बाहेर काढतात आणि मग ज्या म्हाताऱ्या एरवी मान वर करत नाहीत, त्या अशी गाणी म्हणतात की नवरी तोंड लपवते, पण कान उघडे ठेवते. मी तुला विचारलं, तुला आईने काही सांगितलं होतं का? तू म्हणालीस, लग्नाच्या सकाळी आईने केस विंचरताना एवढंच सांगितलं, "डेल चांगला मुलगा आहे. सगळं ठीक होईल."

"आणि त्याआधी? शाळेत, चर्चमध्ये?"

तिथे काय सांगितलं होतं, ते तू डोळे पुसून अगदी धडा म्हटल्यासारखं म्हणून दाखवलंस. लग्नाआधी अंगाचा संबंध म्हणजे खुनाखालोखालचं पाप. मनात विचार आला तरी भजन म्हणायचं. नाचताना अंतर ठेवायचं. आणि शरीर हे देवाचं मंदिर. लग्न झालं की तेच सगळं पवित्र. तू विचारलंस, "झुबी, शुक्रवारी पाप असलेली गोष्ट शनिवारी पवित्र कशी करायची? शनिवार उजाडला हे मला कळतंय, माझ्या अंगाला कसं कळवू?"

मी हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा खालाने तांदळाचं सूप आणखी दूर सरकवलं. मग तिला एकदम काहीतरी सुचलं. "थांब. हा नियम पोरींना. पोरांना काय?"

"मुलांनाही तोच," तू म्हणालीस. "अगदी तोच. डेलनेही कधी कुणाला..."

"म्हणजे," खालाचे डोळे मोठे झाले, "त्याला पण काय माहीत नाय?"

"नाही."

"अल्ला!" खालाने कपाळावर हात मारला. "म्हणजे एक आंधळा रस्ता चुकला नाय, दोन आंधळे मिळून चुकले!" आणि ती हसायला लागली. तिचं ते पोट हलवून हसणं! तुला मी अर्थ सांगितला, आणि तू आधी गोरीमोरी झालीस, मग रडता रडता तुलाही हसू फुटलं. इतके महिने तुम्ही दोघंही समजत होतात की आपल्यात दोष आहे. दोष कसला, दोघांना कुणी काही सांगितलंच नव्हतं! मग खाला गंभीर होऊन म्हणाली, "पण पोरांना पण तोच नियम हे मला आवडलं. हे आपल्यात पुस्तकात हाय, गल्लीत नाय."

आणि मग शाळा सुरू झाली.

मार्लीन, ते आठवलं की मला आत्ताही घाम फुटतो. खाला बोलायची ते मी तुला सांगायचं. मी मॅट्रिक झालेली, इंग्रजीत पहिल्या नंबरची. निबंध कशावर लिहिलेले? उगवता सूर्य, माझा आवडता शिक्षक. यातला एकही शब्द कामाचा नव्हता. मराठीतले शब्द मला माहीत होते, पण तोंडातून निघत नव्हते. आणि तू, जिची ती भाषा, तुला इंग्रजीतलेच शब्द माहीत नव्हते! मी शेवटी वनस्पतिशास्त्राच्या धड्याचा आसरा घेतला. म्हटलं, "समज, एक फूल आहे..."

तुझा चेहरा पांढराफटक पडला. "फूल नको," तू म्हणालीस. मग कळलं. मुलींच्या वर्गात बाईंनी एक पांढरा गुलाब सगळ्यांच्या हातातून फिरवला होता. फिरून परत आला तेव्हा पाकळ्या काळवंडल्या होत्या. बाईंनी विचारलं होतं, "आता हा कुणाला हवाय?" तेव्हापासून डेलने हात लावला की तुला तो गुलाब दिसायचा.

मी खालाला सांगितलं. ती भडकली. "फूल? बाई काय फूल हाय? फूल दोन दिवसांत मरतं. माझे दोन नवरे झाले, दोन्ही दर्यात गेले, आणि मी ही इथे बसलेय तांदूळ निवडत. हिला चुलीजवळ आण."

तुला तिने पिढ्यावर बसवलं. टोपात पाणी उकळलं, तांदळाचं पीठ घातलं, झाकण ठेवलं. तू म्हणालीस, "आता?" खाला म्हणाली, "आता काय नाय. थांबायचं." आपण थांबलो. मग तिने झाकण काढलं, ऊन ऊन उकड परातीत घेतली, तुझे हात ओले केले आणि मळायला लावली. पीठ मऊ झालं, भाकरी गोल उतरली. मग तिने कोरडं पीठ घेतलं, त्यात थंड पाणी ओतून घाईघाईने थापलं. भाकरी कडेकडेने चिरली.

"सांग तिला," खाला म्हणाली, "पीठ तेच. हात तोच. चिरली कशाने? घाईने. पिठाला बोल लावायचा नाय, हाताला पण नाय."

हे भाषांतर मला जमलं! तू त्या चिरलेल्या भाकरीकडे बघत राहिलीस. मग एकदम म्हणालीस, "ओह." आणि लाजून पीठ लागलेल्या हातांनी तोंड झाकलंस.

त्यानंतर खालाने साधं, सरळ सगळं सांगितलं. काही मी इंग्रजीत सांगितलं, काही हातवारे करून, आणि काही तिने स्वतःच तुझ्याकडे बघून मराठीत सांगितलं, ते तुला माझ्याआधी कळलं. शेवटी तिने हुकूम सोडला. विमानाच्या दिवसापर्यंत काही करायचं नाही. काही म्हणजे काही नाही. नुसतं जवळ बसायचं, बोलायचं, हात धरायचा, हसायचं. "दोघांना परीक्षेची सवय लागलीय. परीक्षा बंद. खलास."

तू दारात घुटमळलीस. म्हणालीस, "पण झुबी, असं नुसतं आनंदासाठी... हे देवाला चालेल?"

मला कुठून सुचलं कोण जाणे. मी म्हटलं, "मार्लीन, तूच सांगितलंस ना, तुमच्या देवाला शरीर आहे? मग त्याला शरीराची लाज कशी वाटेल?"

जी गोष्ट ऐकून मी कानाला हात लावले होते, तीच तुला देऊन बसले. तू गेल्यावर मी मनातल्या मनात परत तौबा केली. पण तुझ्या चेहऱ्यावर जे उमटलं होतं ते बघून मला वाटतं, माझ्या अल्लानेही ते मनावर घेतलं नसेल.

राहिला डेल. खाला इस्माईलना म्हणाली, तू त्याच्याशी बोल. हे ताडकन उठले. "मी? सर्व्हेअर साहेबाशी? हे असलं?" दोन दिवस घरात तोंड लपवून फिरले. तिसऱ्या दिवशी डेलला होडीतून मासे धरायला घेऊन गेले. संध्याकाळी दोघं परतले, उन्हाने भाजलेले, शेरी जातीचे दोन मासे घेऊन. मी विचारलं, बोललात? म्हणाले, "बोललो."

"काय बोललात?"

"दिवसभर माशांबद्दल बोललो. परत येताना म्हटलं, साहेब, घाई करू नका. तो म्हणाला, थँक यू, इस्माईल. मी म्हटलं, इन्शाल्ला. आणखी काय बोलायचं असतं?"

खाला म्हणाली, पुरुषांच्या मानाने पुष्कळ झालं.

विमानाच्या दिवशी सकाळपासून मी खिडकीत. खाला माझ्या मागे, तिला नीट दिसत नव्हतं म्हणून सारखी विचारत होती, "काय झालं? काय झालं?" कंपनीची जीप आली. डेल बाहेर आला. ड्रायव्हरशी काहीतरी बोलला. ड्रायव्हरने डोकं खाजवलं आणि जीप रिकामी परत गेली. मी खालाचा हात घट्ट धरला. आणि तेवढ्यात तू! अनवाणी, केस मोकळे, ज्या गल्लीत तू कधी डोक्यावर टोपी घातल्याशिवाय निघाली नाहीस त्या गल्लीतून धावत आलीस आणि दारातूनच ओरडलीस, "झुबी! खलास! खलास!"

मला वाटलं, लग्न खलास. मी मटकन खाली बसले. तू आलीस, मला हलवलंस, आणि तुझा चेहरा बघून मला कळलं की तू मोडक्यातोडक्या अरबीत सांगत होतीस, दुखणं खलास, रडणं खलास, विमान खलास! मी ओरडले, खाला ओरडली, तू खालाच्या गळ्यात पडलीस. शेजारची अरबी बाई धावत आली, तिला वाटलं कुणी मेलं. आम्ही तिला सांगितलं, नवरीची हळद उतरली. तिला त्यातलं अक्षर कळलं नाही, तरी तिने दारातूनच आनंदाची आरोळी ठोकली.

"परीक्षा बंद" कुठवर पाळलीत, हे खालाने विचारलं. तू म्हणालीस, "जवळजवळ शेवटपर्यंत." खाला म्हणाली, "नापास. पण चांगली नापास."

तुझी थोरली इथेच जन्मली. खालाने तिला पहिली आंघोळ घातली. मग साठचं दशक संपता संपता तुम्ही युटाला परत गेलात, आणि मला वाटलं, आता मार्लीन गोऱ्या पोरींमध्ये परत गप्प होईल. कसली गप्प! तू तर खालाची शाळा तिकडे उघडलीस. चर्चमधली कुणाची मुलगी लग्नाला आली की तू तिला स्वयंपाकघरात बोलवायचीस. तांदळाचं पीठ मिळत नव्हतं, तर गव्हाच्या पिठावर भागवलंस. मग तिथल्या बिशपने तुला बोलावून घेतलं, तो किस्सा तू मला फोनवर सांगितलास आणि मी इतकी हसले की आमचे हे घाबरले. तो म्हणाला, "सिस्टर, या गोष्टी बोलायच्या नसतात." तू म्हणालीस, "बरोबर. मी फक्त मुलींना सांगते. मुलांना तुम्ही सांगा, कधीपासून सुरू करताय?" तो लाल झाला, खोकला आणि प्रार्थना करून त्याने तुला घरी पाठवलं. आणि पुढच्याच आठवड्यात त्याच्या बायकोने, मागच्या दाराने, स्वतःची लेक तुझ्याकडे धाडली!

भांडलोही पुष्कळ. मी म्हणायचे, मार्लीन, तुमचा नियमच इतका कडक की पोरी आधीच धसका घेतात. खुनाखालोखाल! असं लहान मुलीला सांगतात? तू ऐकायची नाहीस. म्हणायचीस, नियमाने माझं काही बिघडवलं नाही, नियमामुळे डेल फक्त माझा होता आणि मी फक्त त्याची. बिघडवलं ते गप्प बसण्याने. मी म्हणायचे, भीती घातली की गप्प बसणं आलंच. तू म्हणायचीस, असं कुठे लिहिलंय? तुझी मुलं मोठी झाली, त्यांतल्या एकीने तुमचा नियम मोडला, तुम्ही दोघी वर्षभर नीट बोलला नाहीत, तेव्हाही तू माझं म्हणणं मान्य केलं नाहीस. पण तिच्यासमोर पांढरा गुलाब ठेवला नाहीस, हे मात्र तिनेच मला सांगितलं. हे भांडण अर्धंच राहिलं. मला आजही वाटतं, माझं बरोबर होतं. तुलाही तिकडे वाटत असेल, तुझं बरोबर. तुझ्याआधी गेलेला डेल तुला भेटला असेल, तुमच्या हिशेबाने कायमचा. तसंच असू दे. मनापासून म्हणतेय.

आता एक राहिलं. मी तुला कधी सांगितलं नाही, आणि त्याला कुलूप तू लावलेलं नव्हतंस.

तू आयुष्यभर मला अनुभवी समजलीस. खाला शिकवायची, झुबी समजवायची, दोघी जाणत्या. मी ते चालू दिलं, मला मोठं वाटायचं. पण त्या दुपारी खालाने बोलता बोलता, अगदी सहज, परातीचं पीठ झटकत एक वाक्य म्हटलं. "बाईला पण सुख असतं हे त्याला माहीत नसेल तर हिने सांगायचं. बाईला सुख नाय, तर ते लग्न नाय, ते भांडी घासणं." मी तुझ्याकडे वळले आणि इंग्रजीत तुला सांगितलं. शब्द बरोबर निघाले. पण मार्लीन, ती बातमी मला पण नवीन होती.

आमच्या हळदीच्या गाण्यांत सगळं होतं, ते नव्हतं. किंवा असेल, मला ऐकू आलं नसेल. तीन वर्षं मी चांगली बायको होते. इस्माईल भले माणूस, त्यांनी कधी दुखवलं नाही, मी कधी नाही म्हटलं नाही. मला वाटायचं, हे एवढंच असतं.

तू काचेचा जग माझ्याकडेच ठेवून, डोळे पुसत घरी गेलीस. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. जुम्याची नमाज पढून, जेवून, हे नेहमीसारखे आडवे झाले. खाला शेजारी गेली होती. मी त्यांच्याजवळ बसले आणि म्हटलं, "मला तुमच्याशी बोलायचंय."

हे उठून बसले. "रत्नागिरीहून काही आलंय का? कुणी गेलं?"

"नाही."

"मग?"

मी जे तुला इंग्रजीत समजावलं होतं तेच, मराठीत, चाचरत, भिंतीकडे बघत त्यांना सांगितलं. त्यांनी उशी मांडीवर ओढून घेतली, मला वाटलं, आता रागावणार. मग त्यांनी हळूच विचारलं, "हे तू आधी का नाही सांगितलंस?"

मी म्हटलं, "मला कालच कळलं."

आणि आम्ही दोघं हसायला लागलो, मार्लीन. खाला परत आली तरी आम्ही हसतच होतो.

तेव्हा तुझ्या लेकीला आता फोन करून मी हे सांगणार आहे, पण आधी तुला सांगते. त्या आठवड्यात आपल्या गल्लीत दोन लग्नं लागली. तुला एकाचीच खबर होती.